खाण्यावर लिहून पोट भरेल का? सोलापूरच्या एका उपसंपादकाच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न आधी सगळ्यांसाठी थोडक्यात मांडते. तुम्ही सोलापुरात एका दैनिकात उपसंपादक आहात, वय २७. घर स्वतःचं आहे, पण आईच्या औषधपाण्याचा खर्च तुमच्या पगारातून होतो. खाद्यसंस्कृतीवर लिहायचं, पुढेमागे पुस्तक करायचं आणि हेच पूर्णवेळ काम म्हणून करायचं, असं मनात आहे. विचारलंय तीन गोष्टींबद्दल: नोकरी सोडू का, मराठीत लिहू की इंग्रजीत, आणि कॅमेरा कोणता घेऊ.

तिन्हींची उत्तरं देते. पण तुमच्या मजकुराच्या मध्येच एक वाक्य ओझरतं आलंय, "शेंगाचटणी, कडक भाकरी, हुरडा, सगळ्यावर लिहून झालंय, मी नवीन काय लिहू?" खरी अडचण तिथे आहे. तिचं काही झाल्याशिवाय नोकरी सोडूनही उपयोग नाही आणि धरून ठेवूनही नाही.

मी सुरुवातीला शहर वार्ताहर होते, मग पुरवण्या सांभाळल्या, आता मुक्त पत्रकारिता आणि पुस्तकं असं चाललंय. या सगळ्यात खाण्यावर लिहू बघणारी पुष्कळ माणसं भेटली. टिकली ती एका गोष्टीवर: त्यांना खाण्याखेरीज दुसरं काहीतरी पक्कं येत होतं. दुर्गा भागवतांचं खाण्यावरचं लेखन वाचताना त्यांच्या पाठीशी लोकसाहित्याचा केवढा अभ्यास आहे ते जाणवत राहतं. भारतीय अन्नाच्या इतिहासासाठी आजही ज्यांचा आधार घेतात ते के. टी. अचया मूळचे तेलांचे रसायनशास्त्रज्ञ. मुंबईचे बेहराम कॉन्ट्रॅक्टर, म्हणजे 'बिझीबी', हॉटेलांवर लिहायचे ते आपलं शहर तळहातासारखं ठाऊक असलेला माणूस म्हणून. खाण्याची आवड आणि बरी भाषा एवढ्या भांडवलावर आठ-दहा लेख होतात. मग माणूस पुन्हा पुरणपोळीवर येतो.

तुमच्याजवळ ते 'दुसरं काहीतरी' आहे, फक्त तुम्ही त्याला विषय मानत नाही. उदाहरण म्हणून ज्वारीच घ्या.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मालदांडी या स्थानिक ज्वारीतून निवडलेला 'एम ३५-१' हा वाण १९३०च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रातून आला, म्हणजे तुमच्याच जिल्ह्यातून. काळ्या भारी जमिनीत पावसाची ओल धरून सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढायची, असं हे रब्बीचं पीक. आता बातमीदाराचे प्रश्न विचारा. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं, पाणी आलं, ऊस आला, कारखाने आले. ज्या शेतकऱ्याकडे ज्वारी व्हायची तो आता घरच्या भाकरीसाठी ज्वारी कुठून आणतो? अन्नसुरक्षा कायद्यात २०१३ साली गहू २ रुपये, तांदूळ ३ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो असा दर ठरला, आणि २०२३ पासून ते धान्य फुकट झालं. पण तुमच्या गल्लीतल्या रेशन दुकानात ज्वारी कितीदा आली? घरात चपाती वाढली ती आवडीने वाढली की रेशनकार्डाने? ज्वारी उपटायला मजूर किती घेतात? कडब्याचा भाव चढला की शेतकरी ज्वारी धान्यासाठी पेरतो की जनावरांसाठी? आणि हुरडा पार्टीला येणारा पुण्याचा पाहुणा माणशी जे पैसे मोजतो, त्यातले शेतात राबणाऱ्याच्या हातात किती पडतात? हुरड्याला सुरती नाहीतर गूळभेंडी या वाणांची ज्वारी लागते, मालदांडी नव्हे, हे त्या पाहुण्याला माहीत असतं का?

बघा, हुरड्यावर 'लिहून झालंय' म्हणता, पण यातलं किती लिहून झालंय? चव, शेकोटी, शेंगदाण्याची चटणी आणि गुलाबी थंडी एवढंच दर डिसेंबरात छापून येतं. पीक, पाणी, मजुरी, रेशन, बाजार हे सगळं तुमच्या जिल्हा पानावर रोज वेगवेगळ्या बातम्यांत येतं आणि तुम्ही त्याची शीर्षकं लावता. ते एका ताटात आणणं हे तुमचं काम.

ज्वारी नको असेल तर शहराचा पूर्व भाग घ्या. यंत्रमागावर आलेली तेलुगू पद्मशाली विणकर कुटुंबं, घरी विड्या वळणाऱ्या बायका, त्यांचा दिवस, त्यांचा डबा. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी उर्दू एका बाजारात बोलल्या जातात असं शहर तुम्हाला आयतं मिळालंय. पुण्याहून कोणी येऊन दोन दिवसांत ते लिहू शकणार नाही. मीही नाही. एकच विषय घ्या, आणि दोनेक वर्षं त्याच्यापाठी राहायची तयारी ठेवा. संपादकांच्या मनात "ज्वारीचं काही असलं की हिला विचारा" असं बसलं की अर्धं करिअर उभं राहिलं.

आता माहिती काढायची कशी. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण खाण्यावरचं बरंचसं लेखन इथेच फसतं.

"तुमच्याकडचा पारंपरिक पदार्थ कोणता?" हा प्रश्न विचारूच नका. विचारलात की समोरची आक्का सणाचं ताट वाढते. पुरणपोळी, गव्हाची हुग्गी, शेंगापोळी. ती खोटं बोलत नसते. पाहुण्यांपुढे चांगलंच ठेवायचं असतं. त्याऐवजी "काल रात्री काय केलं होतं?" असं विचारा. मग "त्याच्या आदल्या दिवशी?" सासरी आल्यावर पहिल्यांदा काय खाल्लं जे माहेरी कधी केलं नव्हतं, हा प्रश्न तर मी कधीच चुकवत नाही. आपल्याकडे पदार्थ गावोगाव फिरले ते बहुतेक लग्न होऊन गेलेल्या मुलींबरोबर, आणि त्याची नोंद कुठल्या दप्तरात नाही. घरात शेवटी कोण जेवायचं आणि तोवर पातेल्यात काय उरायचं, हेही विचारा. पाटा-वरवंटा कधी सुटला, गॅस कधी आला, लग्नाची पंगत जाऊन बुफे कधी आला. अशा प्रश्नांना लोक साल सांगत नाहीत, "धाकटीच्या वेळेस" असं सांगतात. धाकटीचं जन्मसाल विचारून घ्यायचं.

सत्तरीपुढचं कोणी भेटलं तर बहात्तरच्या दुष्काळाबद्दल विचारल्याशिवाय उठू नका. खडी फोडायची कामं, दुष्काळात वाटलेली सुकडी (पौष्टिक पिठाचा खाऊ), आणि परदेशातून आलेल्या मिलोच्या लाल भाकरी. मिलो हे ज्वारीच्याच जातीतलं धान्य, पण मालदांडीवर वाढलेल्या माणसाला त्याची भाकरी कशी लागली असेल हे त्याच्याच तोंडून ऐकायला हवं. १९७२ची ती आठवण तुमच्या ज्वारीच्या विषयात थेट येऊन बसते, आणि तिचे साक्षीदार दरवर्षी कमी होताहेत.

पाककृती टिपताना वजनकाटा बरोबर ठेवा. साधा, स्वयंपाकघरातला. मावशी "अंदाजाने" म्हणतात तेव्हा त्यांना अडवू नका. मूठ भांड्यात पडण्याआधी ती काट्यावरच्या वाटीत पडू द्या, आकडा टिपा आणि वाटी परत द्या. 'रुचिरा' १९७० साली आली. सांगलीच्या कमलाबाई ओगल्यांनी त्यात वाटी-चमच्याचं माप धरलं आणि नवशिक्या मुलींना ते पुस्तक हातात धरून स्वयंपाक करता आला. वाचकाला काय मोजता येईल याचा विचार त्यामागे होता. तुम्ही पाककृती छापणार असाल तर स्वतःच्या घरी करून बघितल्याशिवाय छापू नका. संपादक करून बघत नाहीत. वाचक बघतात, आणि फोन तुम्हाला येतो.

कागदांचं म्हणाल तर तुम्ही दैनिकात आहात ही फार मोठी सोय आहे. जुन्या अंकांच्या बांधीव फायली बाहेरच्याला सहजी बघायला मिळत नाहीत. त्यातल्या बातम्यांपेक्षा जाहिराती वाचा. डालडा १९३७ मध्ये बाजारात आला. वनस्पती तूप, चहा, प्रेशर कुकर, मिक्सर हे सगळं घरात शिरायच्या आधी जाहिरातीत शिरलं. शिवाय इंग्रजी अमदानीतली जिल्हा गॅझेटियर आहेत. पुण्याचा खंड १८८५ चा. त्यात कुठल्या जातीत रोजचं आणि सणाचं जेवण काय याची वर्णनं आहेत, बाजारभावही आहेत. साहेबाच्या नजरेतून लिहिलेलं आहे आणि माहिती देणारे कारकून कोण होते हे लक्षात ठेवून वाचायचं, पण वाचायचंच. पेशवे दप्तरातले निवडक कागद इतिहासकार गो. स. सरदेसायांनी संपादित केले त्याचे ४५ खंड आहेत. आणि हे सगळं राहू द्या, घरोघरी ट्रंकेत पडलेल्या लग्नाच्या याद्या मागा. किती शेर तूरडाळ, किती गूळ, आचाऱ्याला काय दिलं, कोणाच्या पंगती वेगळ्या होत्या. इतका प्रामाणिक कागद दुसरा नाही, कारण तो कोणाला दाखवण्यासाठी लिहिलेला नसतो. जुन्या याद्या मोडीत निघतील. मोडी शिकायला फार अवघड नाही. मनावर घेतलंत तर काही महिन्यांत हाताळता येते.

दंतकथांपासून मात्र जपा. सांबार हे नाव संभाजी महाराजांवरून पडलं, तंजावरच्या मुदपाकखान्यात ते पहिल्यांदा झालं, ही गोष्ट आपल्याला सुखावते म्हणून दर दोन महिन्यांनी कुठेतरी छापून येते. "अशी कथा सांगतात" यापुढे तिला वजन देऊ नका. तंजावरच्या भोसल्यांच्या स्वयंपाकावर लिहायचंच असेल तर सरफोजी राजांच्या काळची पाकशास्त्राची हस्तलिखितं तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. कथेपेक्षा ती कितीतरी रंगतदार आहेत. उलट जे खरं आहे ते लोकांना रुचत नाही. मिरची इथली नाही, पोर्तुगीजांबरोबर आली. उपवासाला चालणारा साबुदाणा कसावाच्या कंदाचा, कसावा दक्षिण अमेरिकेतला, आणि आपला बहुतेक साबुदाणा तामिळनाडूत सेलमच्या बाजूला तयार होतो. हे लिहिलंत की पत्रं येतात. येऊ द्या.

जातीबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, पण ते टाळून या विषयात पुढे जाता येणार नाही. 'मराठी जेवण' म्हणून छापून आलेलं आजवरचं बरंचसं साहित्य मोजक्या जातींच्या स्वयंपाकघरातलं आहे. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ मध्ये आलं. मराठवाड्यातल्या दलित घरांतलं खाणं, वजडी (आतडी-पोटा), रक्ती (शिजवलेलं रक्त), वाळवून ठेवलेल्या चान्या (मांसाच्या पट्ट्या), ते का खावं लागलं आणि कसं चविष्ट केलं गेलं, हे आतल्या माणसाने लिहिलं. पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्याआधी याच दिशेने काम केलं होतं. तुम्ही कुठल्या घरातून आलात ते मला माहीत नाही आणि विचारतही नाही. पण ज्या घरात तुम्हाला चहा सहज मिळतो तिथेच तुम्ही जास्त जाणार, हे धरून चाला आणि उरलेल्या घरांचा रस्ता मुद्दाम धरा. तिथेही पहिल्या भेटीत वही काढू नका. आणि कोणी गोमांसाच्या आठवणी सांगितल्या तर नाव, गल्ली, फोटो काही छापू नका, त्यांनी स्वतः "छापा" म्हटलं तरी दोनदा विचार करा. २०१५च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात गोवंशाचं मांस जवळ बाळगणंही कायद्याच्या कचाट्यात आलं. त्यातला काही भाग उच्च न्यायालयाने पुढे रद्द केला, पण शेजारी न्यायालयाचा निकाल वाचून दारात येत नाहीत. तुमचा लेख दुसऱ्या दिवशी रद्दीत जातो, ते कुटुंब तिथेच राहणार असतं.

आता पैसे, म्हणजे तुमचा पहिला प्रश्न.

मराठी पुस्तकाची आवृत्ती साधारण १००० प्रतींची धरा, किंमत ३०० रुपये, मानधन १० टक्के. सगळ्या प्रती छापील किमतीच्या हिशोबाने खपल्या तर तुमच्या हातात ३०,००० रुपये येतात. त्या खपायला दोन-तीन वर्षं लागू शकतात. त्या पुस्तकासाठी केलेला प्रवासच कदाचित तेवढ्याचा होईल. पाककृतींचं पुस्तक जास्त खपतं हे खरं, पण ते वेगळं काम आहे. प्रकाशक "थोड्या रेसिपी घाला ना" म्हणतील; पुस्तकाला गरज असेल तर घाला, नाहीतर नको म्हणायची तयारी ठेवा. वृत्तपत्रांचं मानधन तुम्ही आतून बघताच, त्यावर मी काय सांगू.

मग माणसं जगतात कशावर? माझ्या ओळखीत एकट्या खाद्यलेखनावर घर चालवणारं मराठीत जवळजवळ कोणी नाही. कोणी शिकवतं, कोणी भाषांतरं करतं, कोणी माहितीपटांसाठी संशोधन करतं, कोणी संस्थांचे अहवाल लिहितं. माझंही बरंचसं भाडं भाषांतरांनी भरलंय. पुस्तकाने पैसा येत नाही, पण पुस्तकामुळे ही कामं येतात आणि त्यांचा दर वाढतो. करिअर म्हणायचं तर ते असं तुकड्यातुकड्यांचं असतं.

म्हणून नोकरी आत्ता सोडू नका. हे परिस्थितीवर अवलंबून आहे. घरात दुसरा पगार असता, आईचा खर्च नसता, तर कदाचित वेगळं सांगितलं असतं. पण तुमच्या बाबतीत नोकरी पगारापेक्षा जास्त देते: फायली, ओळखपत्र, तालुक्यातालुक्यातले वार्ताहर, बाजार समितीत उचलला जाणारा फोन. रात्रपाळी असेल तर सकाळ तुमची आहे, आणि बाजार सकाळीच भरतो. सोडायची वेळ कधी आली हे ओळखायची माझी खूण साधी आहे. बाहेरून येणारं काम नोकरीमुळे नाकारावं लागतंय असं सलग वर्षभर झालं, आणि सहा-आठ महिन्यांचा घरखर्च बाजूला पडला, की मग बोलू.

पहिली मोठी पायरी म्हणून दिवाळी अंक बघा. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक निघाला तेव्हापासून मराठीत लांब लेखाला हक्काची जागा तिथेच आहे. चार-पाच हजार शब्द आनंदाने घेतात. मात्र सप्टेंबरात विचारून उपयोग नाही, तोवर अंक लागलेले असतात. मे-जूनमध्ये संपादकांना एका पानाचं टिपण पाठवा: विषय काय, कोणाकोणाशी बोललात, यात नवीन काय. "मला खाद्यसंस्कृतीवर लिहायला आवडेल" असं पाठवलंत तर उत्तर येणार नाही. असे तीन-चार लेख एकाच विषयाभोवती झाले की पुस्तकाचा सांगाडा हातात येतो.

मराठी की इंग्रजी? आधी मराठी. इंग्रजीत पैसे बरे मिळतात, वाचक देशभर मिळतो, पण इंग्रजी संपादकाला सोलापूर समजावून सांगण्यातच निम्मे शब्द जातात आणि हुरडा म्हणजे काय यापलीकडे लेख सरकत नाही. मराठीत तुम्हाला तिथून पुढे सुरुवात करता येते. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहिलं ती माणसं ते वाचतात, चुका काढतात, आणखी चार नावं सुचवतात. पाटोळ्यांच्या पुस्तकाचा भूषण कोरगावकरांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०२४ मध्ये आला आणि ते पुस्तक कुठल्या कुठे पोचलं. पाया मराठीत नऊ वर्षं आधी घातलेला होता.

यावरूनच करार. पुस्तकाचा करार लेखी करा, ओळखीचे प्रकाशक असले तरी. भाषांतराचे, ध्वनिपुस्तकाचे आणि पडद्यावरचे हक्क वेगळे लिहून स्वतःकडे ठेवा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १९ एकदा शांतपणे वाचा. हक्क किती मुदतीसाठी दिले हे लिहिलेलं नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते धरतात. आणि वेगळं काही ठरलेलं नसेल तर दिलेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत की ते तुमच्याकडे परत येतात. "सर्व हक्क कायमचे, जगभर" अशी एक ओळ टाकली की यातलं काहीच उरत नाही, म्हणून ती ओळ शोधा आणि खोडायला सांगा. बहुतेक प्रकाशक कुरकुर न करता खोडतात. पाककृतीवर मात्र हक्क सांगता येत नाही, तुम्ही शब्दांत केलेल्या मांडणीवर येतो. तुमचा मसाल्याचा तक्ता कोणी घेतला तर चरफडण्यापलीकडे फार काही हाती नसतं.

फुकट जेवणाचं दोन ओळींत. हॉटेलचं आमंत्रण आलं तर बिल स्वतः भरा किंवा त्यावर लिहू नका. पैसे घेऊन समाजमाध्यमांवर काही टाकलंत तर ती जाहिरात आहे असं स्पष्ट लिहायचं. जाहिरात मानक परिषदेची तशी मार्गदर्शक तत्त्वं २०२१ पासून आहेत. उद्या ज्वारीच्या पिठाच्या एखाद्या ब्रँडचा फोन तुम्हाला नक्की येणार. त्यांचे पैसे घेतलेत तर ज्वारीच्या बाजारावर लिहिण्याचा तुमचा अधिकार त्याच दिवशी संपतो.

राहिला कॅमेरा. घेऊ नका. हातातला फोन छापण्यापुरता पुरतो, आणि मोठा कॅमेरा बघितला की मावशी साडी बदलून येतात, चुलीऐवजी गॅसपाशी उभ्या राहतात. ते पैसे एका बऱ्या ध्वनिमुद्रकावर घाला, ज्याला शर्टावर लावायचा छोटा माइक जोडता येईल. यंत्रमागाच्या खडखडाटात आणि बाजार समितीच्या लिलावात फोनवर टिपलेलं बोलणं घरी येऊन ऐकलं तर निम्मं कळत नाही. मुद्रण केल्यावर त्याच रात्री फाइलला नाव, गाव आणि तारीख द्या आणि एक प्रत दुसरीकडे ठेवा.